सार्वजनिक स्वच्छतागृह : रचनेचा विचार

नागपूर-अमरावती रस्त्यावरील वाडी म्हणजे गोदामे व मालमोटारींची वर्दळ. अशा ठिकाणी बाग आणि बसथांब्याइतकेच स्वच्छतागृहही आवश्यक होय.

२०११ साली मुंबईत स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांनी ‘राइट टू पी’ चळवळ उभारली. पुरुषांना मुतारी फुकट, स्त्रियांना मात्र त्याच गरजेसाठी पैसे, हा अन्याय तिने चव्हाट्यावर आणला. प्रश्न केवळ पैशाचा नाही. सोय नसली की स्त्रिया पाणीच कमी पितात आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात.

रचना करताना म्हणूनच काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. स्त्रियांना वेळ अधिक लागतो. तेव्हा दोघांना सारखीच जागा देणे ही समानता नव्हे, स्त्रियांकडे कक्ष अधिक हवेत. प्रवेश रहदारीच्या बाजूस असावा, परंतु आतले दिसू नये म्हणून आडभिंत असावी. छताखाली झरोके, आत दिवा, दाराला भक्कम कडी, पिशवीसाठी खुंटी हवी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचा चढ बारा फुटांत एक फुटाहून अधिक नसावा. आपल्याकडील उन्हाळा पाहता पाण्याची टाकी सावलीत ठेवणे बरे.

शेवटी, उत्तम इमारतही रोजच्या सफाईविना निरुपयोगी ठरते. सफाई कामगाराचे वेतन बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबरच ठरले पाहिजे. नाहीतर उद्‌घाटनानंतर दाराला कुलूपच दिसेल.