पोर्टफोलिओ छापील असावा की ऑनलाइन?

डिझाइनच्या नोकरीसाठी मुलाखतीला जाणारा उमेदवार आपल्या निवडक कामांचा जो क्रमवार संग्रह सादर करतो, त्यास पोर्टफोलिओ म्हणतात. तो छापील असावा की ऑनलाइन, हा प्रश्न धार आणि देवास येथील तरुणांपुढे बहुधा खर्चाचा किंवा आधुनिकतेचा म्हणून उभा राहतो. परंतु मुलाखतींच्या अनुभवाअंती प्रस्तुत लेखकास एकच कसोटी विश्वासार्ह वाटते, ती ही की काम अखेरीस वापरणाऱ्याच्या हाती पडणार आहे की पडद्यावर दिसणार आहे.

धार जिल्ह्यातील बाघ येथे लाकडी ठशांनी छापलेल्या कापडात अॅलिझरिनचा लाल आणि लोहसंयुगाचा काळा रंग सुती धाग्यात मुरतो, तर पडदा लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून रंग दाखवतो. त्यामुळे तोच लाल एका फोनवर केशरीकडे व दुसऱ्यावर किरमिजीकडे झुकू शकतो. देवासच्या बँक नोट प्रेसशी निगडित असलेल्या इंटाग्लिओ छपाईत, म्हणजे कोरलेल्या रेषांत शाई भरून ती मोठ्या दाबाने कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, रेषा बोटाला उठावदार लागते, आणि हा गुण कोणत्याही छायाचित्रात उतरत नाही. म्हणून वस्त्र, वेष्टन, पुस्तक किंवा निमंत्रणपत्रिका यांचे काम दाखवणाऱ्याने छापील पानांसोबत प्रत्यक्ष नमुनेही न्यावेत.

याउलट, मूर्तिकार र. कृ. फडके यांचा स्टुडिओ ज्या धारमध्ये आहे, तेथील शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला पुतळा मुलाखतीला नेता येत नाही. त्याच्या कामाची सर्व अंगे दाखवणारे फिरते चित्रण ऑनलाइनच शोभते. अॅप किंवा संकेतस्थळाचे काम तर परीक्षकाने स्वतः चालवून पाहायचे असते, आणि कागदावर त्याची केवळ स्थिर चित्रे उरतात.

दोन्ही मार्गांत धोके आहेत. ऑनलाइन संग्रहाची परवानगी खुली नसल्याने किंवा मुलाखतीच्या जागी नेटवर्क नसल्याने चांगले काम पाहिलेच जात नाही. यासाठी दुवा आधी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, उघडून पाहावा आणि पीडीएफ प्रत लॅपटॉपवर जतन करावी. छापील संग्रहात सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शाईंत रूपांतर होताना पडद्यावरचे झगझगीत रंग मंदावतात, म्हणून आधी एकच चाचणी पान काढावे आणि पुन्हा छापण्याइतका अवधी हाती राखावा; शिवाय छायाचित्रे प्रत्यक्ष छपाईच्या आकारात इंचाला 300 बिंदू इतक्या तपशिलाची ठेवावीत.

व्यवहारात ऑनलाइन संग्रह उमेदवाराला मुलाखतीपर्यंत नेतो, तर मेजावर उलगडलेली पाने परीक्षकाला मागेपुढे जाऊन प्रश्न विचारू देतात. शक्य असल्यास दोन्ही ठेवावेत, मात्र दोन्हींत कामांचा क्रम एक असावा आणि सामूहिक कामात स्वतःचा वाटा स्पष्ट लिहिलेला असावा. ज्याच्यापाशी एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत, त्याने संपूर्ण पुस्तिका छापण्याचा हट्ट सोडून मोफत ऑनलाइन संग्रह उभारावा आणि जी कामे स्पर्शाशिवाय समजत नाहीत, त्यांच्याच उत्तम नमुन्यांवर तो पैसा खर्च करावा.