पवनचक्की येण्याआधीचं पठार

(गिरगावातल्या फणसवाडीतली एक चाळ. तात्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. शेजारची मुक्ता वन्यजीव सर्वेक्षणाचं काम करते. गावच्या पठारावर पवनचक्क्या येणार, असा भावाचा फोन आल्यावर तात्यांनी तिला गॅलरीतच गाठलं.)

तात्या : ना धूर, ना राख, ना सांडपाणी. मग पवनचक्कीने निसर्गाचं बिघडणार तरी काय?

मुक्ता : सरकारचा हिशेबही तुमच्यासारखाच आहे, तात्या. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी 2006 च्या अधिसूचनेत आहे, त्यात पवनऊर्जा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये तिला ‘पांढऱ्या’ गटात टाकलं, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत. वनजमीन घ्यायची तर वेगळी परवानगी लागते, एवढंच.

तात्या : बरोबरच आहे की. कोळसा जाळण्यापेक्षा केव्हाही बरं.

मुक्ता : कोळशापेक्षा बरं, यात वादच नाही. पण चक्की उभी कुठे करता, हे बघायला नको? तुमच्याच जिल्ह्यातलं चाळकेवाडीचं पठार घ्या.

तात्या : ठोसेघरच्या बाजूचं ना? तिथे कित्येक वर्षं पंखे फिरतायत.

मुक्ता : तिथेच मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी बाकीच्या भागाच्या जवळजवळ एक-चतुर्थांशच होते. आणि सरडे वाढलेले. गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो ना, ते.

तात्या : खाणारे गेले, सरडे वाढले. सरड्यांची तर चैनच!

मुक्ता : वरवर तसंच दिसतं. ताणाचं संप्रेरक त्यांच्या रक्तात कमी होतं, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण गर्दी वाढल्याने खाणं वाटलं गेलं, सरडे रोडावले. नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. म्हणजे पात्याचा धक्का न लागताही सरड्याचं जगणं बदललं. नुसते मेलेले पक्षी मोजून हे कळलं असतं का?

तात्या : पण आधी तिथे किती पक्षी होते, हे त्यांना कसं कळलं?

मुक्ता : नेमकं विचारलंत! चक्क्यांच्या आधीची मोजदाद हाताशी नाही, म्हणून चक्क्या नसलेल्या जवळच्या भागाशी तुलना करावी लागली. तुमच्या गावात अजून खांब रोवलेला नाही. तिथे आधीपासून मोजता येईल.

तात्या : दोन दिवस येऊन मोजून जातील, झालं.

मुक्ता : दोन दिवसांत काय दिसणार? उन्हाळ्यात सडा, म्हणजे असं पठार, नुसता कातळ वाटतो. पावसात त्याच कातळावर डबकी, बेडूक आणि फुलं. थंडीत बाहेरून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, गवतालगत खालून उडत शिकार शोधतात. निदान वर्षभर, सगळ्या ऋतूंत पाहायला हवं. पक्षी कुठल्या उंचीवरून आणि कुठल्या वाटेने जातात, तेही टिपायचं.

तात्या : आणि चक्क्या लागल्यावर?

मुक्ता : ठरलेल्या अंतराने खाली मेलेले पक्षी, वटवाघळं शोधायची. त्यातही मेख आहे. कोल्हे-कुत्री मेलेला पक्षी रातोरात उचलून नेतात. म्हणून मुद्दाम काही मेलेले पक्षी ठेवून बघतात, किती शिल्लक राहतात आणि शोधणाऱ्याला किती सापडतात. त्यावरून खरा आकडा काढायचा.

तात्या : हे सगळं पंख्यांचं झालं.

मुक्ता : पंख्यांबरोबर रस्तेही नडतात. एवढं लांब पातं डोंगरावर चढवायचं, तर घाट रुंद करावा लागतो. भीमाशंकरजवळच्या डोंगरांतल्या अशा प्रकल्पाबद्दल पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात वाचा : रस्त्यांसाठी तोडलेलं जंगल, ढासळलेले उतार, खालच्या शेतांत आणि जलाशयांत गेलेला राडारोडा. तिथे शेकरू असलेलं सदाहरित जंगल आहे, प्रकल्प नाकारावा, असं स्थानिक वनाधिकाऱ्याने कळवलं होतं. वरच्यांनी ते मानलं नाही. शिवाय वीज वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्याच. माळढोकासारखा जड पक्षी त्यांना धडकून मरतो.

तात्या : मग भावाला काय सांगू? जमिनीच्या कागदावर सही करू नको म्हणून?

मुक्ता : तसं नको. सहीआधी तीन गोष्टी लेखी मागायला सांगा. वर्षभराची पाहणी कोणी केली? रस्ता नि तारा कुठून जाणार? आणि पक्षी मरू लागले, तर कुठली चक्की कधी बंद ठेवणार?

तात्या : कंपनीवाले म्हणतील, सातबाऱ्यावर पोटखराबा आहे, तिथे आहेच काय?

मुक्ता : पोटखराबा म्हणजे तिथे पीक येत नाही, इतकंच. भोवत्या आणि सरडे पीकपाहणीत कोण लिहिणार? ती नोंद गावानेच मागायची.

तात्या : म्हणजे ग्रामसभेला मलाच जावं लागणार. पण तूही चल. मला भोवत्या आणि घार यांतला फरकसुद्धा कळत नाही.