कागदाचा खांब, बांबूचा खांब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने खांबावर लेख लिहावा हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. गणिताशी माझे सख्य दहावीतच संपले. पण दोन वर्षांपूर्वी, बारावीच्या सुट्टीत, आमच्या घरी एक खांब वाकला आणि त्याला कारण मी होतो.

बाबा गोठा बांधत होते. हवा खेळती राहावी म्हणून छप्पर उंच घ्यावे, असा हट्ट मी धरला. शिकलेल्या मुलाचे ऐकावे म्हणून बाबांनी ऐकले. पहिल्याच मोठ्या पावसात कवेलू भिजून जड झाले आणि कोपऱ्यातली बल्ली मध्येच धनुष्यासारखी वाकली. खाली बैल बांधलेले होते. बाबांनी आधी बैल सोडले, टेकू लावून छप्पर उचलले, आणि शेजारच्या दोन्ही बल्ल्यांपर्यंत अर्ध्या उंचीवर आडवे बांबू बांधले. "मधात आडवी मारली, आता पाहू कशी वाकते ते," एवढेच म्हणाले. त्या बल्लीने पुढचे दोन्ही पावसाळे काढले. नवी बल्ली आणली नाही की जाडही केली नाही, तरी तीच बल्ली टिकली कशी, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला.

यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या शाळेचा सातवीचा वर्ग आमच्या गटाकडे आला, तेव्हा हाच प्रश्न मी मुलांपुढे ठेवला. प्रत्येक गटाला ए-फोर आकाराचा एकच कागद आणि थोडा डिंक दिला. अट अशी, की २१ सेंटिमीटर उंचीचा खांब करायचा आणि त्यावर पाठ्यपुस्तके रचायची. त्रिकोणी खांब चौथ्या पुस्तकाला बसला, चौकोनी सहाव्याला. गोल नळीने अकरा पुस्तके पेलली. ती काट्यावर पावणेतीन किलो भरली. अशा कागदाचे स्वतःचे वजन पाच ग्रॅमहून कमी असते. म्हणजे कागदाने आपल्या वजनाच्या साडेपाचशेपटीहून अधिक भार घेतला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, खोटे कशाला सांगू?

कारण सरळ आहे. चौकोनी खांबाच्या सपाट बाजू आधी आत-बाहेर मुडपतात आणि सगळा भार कोपऱ्यांवर पडतो. नळीला सपाट बाजूच नसते. मात्र नळी फार रुंद केली तर तिची पातळ भिंत चुरगळते, आणि फार बारीक वळली तर सबंध नळीच वाकते. एका मुलीने मध्यम जाडीची, दोन पदरी नळी केली. ती सर्वांत टिकली. पुस्तके जरा एका बाजूला सरकली, की चांगला खांबही लगेच बसे, हेही मुलांनीच हेरले.

पण गोठ्याचे उत्तर कागदात नव्हते. त्यासाठी उदबत्तीच्या मोकळ्या काड्या घेतल्या. किराणा दुकानातला छोटा काटा मागून आणला, त्यावर काडी उभी धरली आणि वरून बोटाने दाबली. २२ सेंटिमीटरची काडी ८० ग्रॅमच्या सुमारास वाकली. तीच मोडून ११ सेंटिमीटरची केली, तर काटा ३०० ग्रॅमपर्यंत चढला. लांबी निम्मी, बळ जवळजवळ चौपट! लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली हेच सूत्र मांडले आहे : सडपातळ खांब चिरडून मरत नाही, तो वाकून मरतो, आणि त्याला वाकवणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बाबांनी मध्ये आडवी मारली तेव्हा एका लांब बल्लीच्या दोन आखूड बल्ल्या झाल्या होत्या.

बांबूची गंमत याच्याही पुढची आहे. तेवढेच द्रव्य मध्यापासून दूर नेऊन ठेवले की वाकण्याला विरोध वाढतो. म्हणून पोकळ बांबू त्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा ताठ राहतो. त्याचे चिवट धागेही बाहेरच्या बाजूलाच दाट असतात, आणि गाठींच्या आतले पडदे पोकळ भिंतीला दबू देत नाहीत. १९३६ साली गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा तिथल्या कुट्या माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांच्याच उभ्या राहिल्या. शिबिर संपल्यावर बापूकुटी पाहायला गेलो तेव्हा इतर जण चरखा पाहत होते, मी छताकडे पाहत होतो. लहानपणी दोनदा येऊनही ते छप्पर कशाच्या आधाराने उभे आहे, हे मी पाहिलेच नव्हते.

घरी येऊन बाबांना काडीचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा दाबून पाहिले. सारख्या अंतरावर दोन आडव्या मारल्या तर बल्ली नऊपट भार घेईल, असेही मी ऐटीत सांगितले. त्यांनी काटा बाजूला सारला आणि विचारले, "येवढे बांबू आनाचे कुठून?"