तीत, तीमथ्य आणि अंत्युखियाची पंगत

(शास्त्रपाठ : उत्पत्ति १५ व १७; प्रेषितांचीं कृत्यें १५ व १६:१-५; गलती २)

पौलानें तीताची सुंता होऊं दिली नाहीं. तीमथ्याची मात्र स्वतः होऊन केली. हें कसें, असा प्रश्न खेड्यांतील उपदेशकांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. प्रिय वाचकहो, याचें उत्तर शोधण्यासाठीं आरंभापासून पाहूं.

१. खूण कोणीं दिली? देवानें अब्राहामाशीं करार केला आणि त्या कराराची खूण म्हणून प्रत्येक पुत्राची आठव्या दिवशीं सुंता करावी असें ठरविलें. या खुणेसाठीं यहूदी लोकांनीं मोठें मोल दिलें आहे. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास सीरियाचा राजा अंत्युखस एपिफानेस यानें सुंतेस बंदी केली, तेव्हां आपल्या बाळांची सुंता करविणाऱ्या मातांस जिवें मारण्यांत आलें, असें मक्काबींच्या पहिल्या ग्रंथांत लिहिलें आहे. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक शेकडों वर्षें इतर यहूद्यांपासून दूर राहिले, तरी त्यांनीं सुंता व शब्बाथ सोडला नाहीं. शनिवारीं ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. प्रभु येशूचीही सुंता आठव्या दिवशीं झाली. तेव्हां या खुणेची थट्टा ख्रिस्ती मनुष्याच्या मुखीं शोभत नाहीं.

२. आधीं काय झालें? अब्राहामानें विश्वास ठेविला व तो नीतिमान गणला गेला, हें उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायांत आहे. सुंता १७ व्या अध्यायांत आहे. या दोहोंमध्यें इश्माएलाचा जन्म झाला. त्या वेळीं अब्राहाम ८६ वर्षांचा होता, आणि सुंतेच्या वेळीं ९९ वर्षांचा. म्हणजे विश्वास आधीं, आणि खूण निदान १३ वर्षांनीं मागाहून. रोमकरांस लिहितांना पौलानें याच क्रमावर बोट ठेविलें आहे.

३. यरुशलेमाची सभा. इ. स. ४९ च्या सुमारास यहूदीयांतून कांहीं लोक अंत्युखियास आले आणि सुंतेवांचून तारण नाहीं असें शिकवूं लागले. प्रेषित व वडील यरुशलेमांत जमले. कर्नेल्याच्या घरीं बेसुंती लोकांस पवित्र आत्मा मिळाला होता, याची पेत्रानें आठवण दिली. विदेशी बंधूंवर सुंतेचें ओझें घालूं नये असें ठरलें; मात्र मूर्तींस अर्पिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी व जारकर्म यांपासून त्यांनीं दूर राहावें.

४. तीत व तीमथ्य. तीत हेल्लेणी होता. सुंतेवांचून तो अपुरा ख्रिस्ती, असें कित्येकांचें म्हणणें होतें. तेथें माघार घेणें म्हणजे ख्रिस्ताच्या कृपेस अपुरी म्हणणें झालें असतें. तीमथ्याची आई यहूदी व बाप हेल्लेणी होता. त्याच्या तारणाचा प्रश्न नव्हता. यहूद्यांमध्यें सेवा करितांना अडथळा होऊं नये एवढाच हेतु होता. जें प्रीतीनें आनंदानें करावें, तेंच कोणी तारणाची अट म्हणून मागितलें तर नाकारावें, हा पौलाच्या वागण्यांतील मेळ आहे.

५. पंगत. अंत्युखियांत पेत्र विदेश्यांबरोबर जेवीत असे. पुढें याकोबाकडून कांहीं जण आले, तेव्हां तो भिऊन वेगळा बसूं लागला. बर्णबाही त्यांत ओढला गेला. सभेंत चांगला ठराव झाला म्हणजे काम संपलें असें होत नाहीं; मनुष्य काय मानतो हें पंगतींत दिसतें. आम्हीं एका गांवीं मंडळीच्या प्रीतिभोजनांत निरनिराळ्या जातींतून आलेल्या बंधूंच्या दोन पंगती पाहिल्या. आम्हीही दाखविलेल्या जागीं बसलों, जेवलों आणि कांहीं न बोलतां परत आलों. पौलानें पेत्रास सर्वांसमक्ष दोष दिला तो भाग वाचतांना तो दिवस आठवतो व लाज वाटते.

नवीन बंधु मंडळींत आला कीं त्याचें नांव, पोशाख, पूर्वीची जात यांकडे आधीं आपले डोळे जातात. त्याची खूण आपण कोठें शोधतों? ज्यास ख्रिस्तानें आपल्या मेजाशीं बसविलें, त्यास आपण कोणत्या अटीवर बाजूस बसवितों?

प्रश्न : (१) तीत व तीमथ्य यांच्या गोष्टींत भेद कोणता? (२) यहूदी लोकांच्या खुणेचा मान आपण कसा राखावा? (३) आपल्या मंडळीच्या पंगतींत कोणी वेगळा बसतो काय? येत्या रविवारीं त्याच्या शेजारीं कोण बसेल?