वाजणारं घड्याळ घेताना आणि हलवताना

वेस्टमिन्स्टरची धून वाजवणारं जुनं घड्याळ विकत घ्यायचं असेल, तर दुकानात तासभर ठिय्या द्यायची तयारी ठेवा. दुकानदार काटा बारावर नेतो, टोले ऐकवतो आणि म्हणतो, "बघा, ठणठणीत आहे." तेवढ्यावर पैसे काढू नका. ही धून सव्वाला चार सुरांची, साडेला आठ, पाऊणला बारा आणि तास भरला की सोळा, मग टोले. चारही वेळा कान देऊन ऐकलं, तरच कुठला हातोडा लटका पडतोय ते कळतं.

आमचं घड्याळ आजोबांच्या वेळचं, जर्मन बनावटीचं. घर बदलताना सामान नेणाऱ्यांनी ते लंबकासकट आडवं करून ट्रकमध्ये घातलं. "आधी लंबक काढा" असं मी सांगत होतो. "साहेब, आमचं रोजचं काम आहे" हे त्यावरचं उत्तर. नव्या घरी पहिल्यांदा वाजलं ते टण, टण, ठक, टण. उघडून पाहिलं, तर बिडाच्या ठोकळ्यात बसवलेल्या सळयांपैकी एक मुळाशी मोडून तळाला पडलेली. सळई नीट थरथरावी म्हणून ती मुळाशी बारीक केलेली असते आणि धक्का बसला की मोडते तीही तिथेच.

दुरुस्तीवाल्याने डाख देऊन ती चिकटवली. सूर असा निघाला, जणू कुणी चमच्याने कुकर वाजवतंय. सळईची लांबी आणि जाडी यांवर सूर ठरतो, त्यामुळे त्याच मापाची नवी सळई बसवण्याला पर्याय नसतो. त्याच गृहस्थाने फुकटात यंत्रावर रॉकेलची पिचकारीही मारून दिली. रॉकेलने जुनं तेल पातळ होतं, घड्याळ काही दिवस झकास पळतं. पण सुटलेला मळ चाकांच्या आसांशी जाऊन बसतो आणि पितळ झिजवतो. यंत्र सुटं करून धुवायचं आणि आसाच्या भोकाशी घड्याळाच्या तेलाचा थेंब द्यायचा, ही खरी रीत. हे घरी करून बघू नका. चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फाडते.

घड्याळ हलवताना लंबक उतरवा, हातोड्या आणि सळया यांच्यामध्ये मऊ कापड घाला आणि ते उभंच न्या. शक्यतो आपल्या मांडीवर. काटे उलटे फिरवू नका. पुढे नेतानाही दर पाव तासाला थांबा, धून संपू द्या.

चोरबाजारात तबकडीवरच्या नावापेक्षा चावीची भोकं बघा. तीन असतील तर साधारणपणे मधलं वेळेचं, उजवीकडचं धुनेचं, डावीकडचं टोल्यांचं. दोनच असतील तर सहसा नुसते टोले, विकणारा 'म्युझिकल' म्हणो की आणखी काही. पाठीमागच्या फळीला स्क्रूची रिकामी भोकं दिसली, तर पेटी एकाची आणि यंत्र दुसऱ्याचं असण्याचा संभव फार.

ही धून मुळात केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चसाठी १७९३ च्या सुमारास बांधलेली. लंडनच्या बिग बेनच्या मनोऱ्यात ती आली १८५९ मध्ये आणि त्यावरून वेस्टमिन्स्टरची म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे १८७८ मध्ये पुरा झालेला मुंबईचा राजाबाई टॉवर एके काळी सोळा धुना वाजवायचा. भिंतीवरच्या घड्याळाला एक जमली तरी खूप झालं.

आता सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळातली इवलीशी चिप डझनभर गाणी वाजवते. मला तो सूर पत्र्याचा वाटतो, पण चावीची कटकट नाही हेही खरं. त्यांतल्या पुष्कळ घड्याळांना रात्री गप्प राहण्यासाठी उजेड ओळखणारा डोळा असतो. दुकानाच्या झगमगाटात गाणारं घड्याळ घरच्या अंधाऱ्या बोळात भर दुपारी मुकं होतं, ते यामुळे. बदलून मागायला धावण्याआधी तास भरायच्या वेळेला त्याच्या तोंडावर टॉर्च मारून बघा.