पुढे कोणता ग्रंथ वाचावा?

एक ग्रंथ संपला की पुढचा कोणता घ्यावा, हा प्रश्न लहान दिसतो; परंतु वाचनाने बोध वाढेल की केवळ वाचल्याचे समाधान, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. शिरड शहापूरसारख्या गावी घरीच पोथी वाचणाऱ्या वासनिकाला शंका विचारावयास अधिकारी पुरुष नित्य जवळ नसेल, तर ग्रंथांचा क्रम हाच त्याचा मार्गदर्शक होय.

या प्रश्नाचा उत्तम दाखला याच मुलखातला आहे. कवीश्वर भास्करभट्ट हे बोरीचे. ही बोरी परभणी जिल्ह्यातील मानली जाते; आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत शिरड शहापूरही त्याच जिल्ह्यात होते. चौदाव्या शतकाच्या आरंभी कवीश्वरांनी ‘शिशुपालवध’ रचला. त्यात शृंगाराला बहर आला आहे. ग्रंथ पाहून गुरुबंधूंनी अभिप्राय दिला, असे परंपरा सांगते, की ग्रंथ चांगला झाला, परंतु तो प्रवृत्तांच्या उपयोगाचा, निवृत्तांच्या नव्हे. कवीश्वरांनी तो बोल मनावर घेतला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. गुरुबंधूंनी काव्याला दोष दिला नाही. ते कोणी वाचावे, एवढेच पाहिले. ग्रंथ चांगला असणे निराळे आणि तो या वाचकाला या वेळी हितकर असणे निराळे.

ही कसोटी लावली असता क्रम आपोआप ठरतो. आरंभ ‘लीळाचरित्रा’ने करावा. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवून एकत्र केल्या. त्यामुळे कोणते वचन कोणाला, कोठे व कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे येथे कळते. त्यानंतर ‘दृष्टांतपाठ’ घ्यावा. त्यातील ११४ दृष्टांतांत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम असल्याने कथेतून तत्त्वाकडे जाण्याची सवय बुद्धीला लागते. मग ‘सूत्रपाठ’. केसोबासांनी संकलित केलेली ही वचने अल्पाक्षरी आहेत. प्रकरण ठाऊक नसताना ती वाचली, तर एकाच्या अवस्थेला अनुलक्षून केलेले निरूपण सर्वांना सरसकट लागू केले जाते आणि आचारातच चूक शिरते. पुष्कळ जण लहान म्हणून हाच ग्रंथ आधी उघडतात. वस्तुतः लहान ग्रंथालाच पूर्वतयारी अधिक लागते.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर मार्ग कसा चालला, असा प्रश्न मनात उठला म्हणजे ‘स्मृतिस्थळ’ वाचावे. काव्याची गोडी असेल त्याने नरेंद्रांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ वा ‘शिशुपालवध’ अवश्य घ्यावा. मात्र त्याच्या जोडीला ‘उद्धवगीता’ही ठेवावी.

दुसऱ्यास ग्रंथ सुचविणाऱ्यानेही आपल्या आवडीचे नाव सांगण्यापूर्वी, त्याने काय वाचले आणि तो कोठे अडला, हे विचारावे. संस्कृतज्ञ पंडितांनाही आचार्य श्रीनागदेवांनी मराठीचाच आग्रह धरला, तो साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया शास्त्रापासून वंचित होऊ नयेत म्हणून. ज्याच्या हाती ग्रंथ जाणार, त्याचा विचार आधी. ग्रंथाच्या थोरवीचा मागाहून.