पोकरमध्ये कमीत कमी बेट: कधी लावावी, कधी टाळावी

नो-लिमिट होल्डेममध्ये कमीत कमी बेट म्हणजे एका बिग ब्लाइंडएवढी रक्कम. ब्लाइंड 100-200 असेल तर 200. हात सहज जातो अशी ही बेट आहे, आणि म्हणूनच ती हिशेब न करता लावली जाते. इतकी वर्षं टेबलावर बसून मला जे उमगलं, ते असं:

1. तीन पत्तीची सवय बाजूला ठेवा. आपल्यातल्या कितीतरी जणांचा पत्त्यांशी पैशांचा संबंध आला तो दिवाळीच्या तीन पत्तीत. तिथे लहान चाल देत राहिलं तरी बिघडत नाही, कारण वाटलेले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर टर्न आणि रिव्हर असे दोन पत्ते अजून उघडायचे असतात. तुमची बेट ही समोरच्यासाठी पुढच्या पत्त्याची किंमत असते.

2. ती किंमत मोजल्याशिवाय चिप्स पुढे सरकवू नका. मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजावर पाहिलेला एक डाव सांगतो. फ्लॉपवर बदाम राजा, किलवर अठ्ठी, चौकट चौकी. एकाकडे एक्का-राजा, दुसऱ्याकडे सत्ती-छक्की. पॉट 2,000. एक्का-राजावाल्याने 200 लावले. दुसऱ्याला सीक्वेन्ससाठी फक्त पंजी हवी होती. न दिसणाऱ्या 47 पत्त्यांत चार पंज्या, म्हणजे शक्यता साधारण 8.5 टक्के. 200 भरून तो 2,400 च्या पॉटसाठी खेळत होता, म्हणजे त्याला 8.3 टक्के पुरेसे होते. त्याने कॉल केलं आणि टर्नला पंजी पडली. लोक नशिबाला बोल लावत होते, पण कॉल बरोबरच होता. तिथे 1,000 ची बेट असती तर कॉलसाठी 25 टक्के शक्यता लागली असती आणि सत्ती-छक्की फोल्ड करणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

3. पत्ते जबरदस्त असतील तर पॉट वाढवा. पॉट 2,000 आहे. फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा 200 लावले आणि समोरच्याने कॉल केलं, तर त्याच्याकडून 600 येतात. तिन्ही वेळा अर्धा पॉट लावला तर 1,000, 2,000 आणि 4,000, म्हणजे 7,000. मोठ्या बेटला प्रत्येक जण कॉल करणार नाही हे खरं, पण ‘समोरचा पळेल’ या धास्तीने मिनिमम लावणारा आपल्या सर्वांत चांगल्या डावांची कमाई सोडून देतो.

4. कोरड्या फ्लॉपवर हीच बेट कामाची. राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. कोणाचा सीक्वेन्स किंवा कलर बनण्याची चिन्हं नाहीत आणि समोर एकच खेळाडू आहे. 2,000 च्या पॉटमध्ये 200 चा ब्लफ 11 पैकी एकदा चालला तरी पैसे वसूल. पण तीन-चार जण डावात असतील तर हा मोह टाळा. इतक्या जणांतून एखाद्याला राजा लागलेला असण्याची शक्यता वाढते, आणि एकाने स्वस्तात कॉल केलं की मागच्यांना आणखी स्वस्त पडतं.

5. रिव्हरवर मध्यम हाताला आधार मिळतो. आता नवा पत्ता यायचा नाही, त्यामुळे ड्रॉची भीती संपलेली असते. मधली जोडी हातात असताना चेक केलं तर समोरचा मोठी बेट लावून कोंडीत पकडू शकतो. आधीच छोटी बेट लावली तर शोडाउनची किंमत बऱ्याचदा आपल्याला ठरवता येते. मात्र आक्रमक खेळाडूला ही कमजोरी दिसते आणि तो रेज करतो. त्याच्यापुढे चेकच बरा.

6. टुर्नामेंटमध्ये फ्लॉपआधीचा मिनिमम रेज वेगळा समजा. चिप्स कमी आणि ब्लाइंड चढलेले असताना दोन बिग ब्लाइंडचा रेज चांगला. मागून कोणी ऑल-इन केलं आणि आपल्याला फोल्ड करावं लागलं, तर थोडक्यात सुटतो. ब्लाइंड 100-200, अँटी 200 असताना 400 केलं, तर बिग ब्लाइंडला 200 भरून 1,100 च्या पॉटसाठी खेळता येतं. त्याला 18 टक्केच पुरतात, त्यामुळे तो बरेच पत्ते घेऊन आत येणार, हे धरूनच रेज करा.

7. आकड्यावरून पत्ते कळू देऊ नका. कच्च्या हाताला छोटी आणि पक्क्या हाताला मोठी, असं ठरून गेलं की लक्ष देणाऱ्याला तुमचे पत्ते उघडेच दिसतात. एखाद्या फ्लॉपवर छोटी बेट लावायची ठरवली, तर तिथे कच्चे आणि पक्के दोन्ही हात तसेच खेळा.

8. छोटी बेट म्हणजे छोटं नुकसान नव्हे. दोनशे-दोनशे करत रात्रभरात मोठी रक्कम जाते, आणि प्रत्येक वेळी ती किरकोळच वाटते. नुकसानीची मर्यादा बेट ठरवत नाही, खिशात नेलेला पैसा ठरवतो. तो आकडा घरून निघतानाच पक्का करा. टेबलावर मग एवढाच प्रश्न उरतो: या किमतीत समोरच्याने कॉल करावं असं मला वाटतं का? उत्तर ठाऊक असेल, तर मिनिमम बेटही बिनधास्त लावा.